कर्ज कुणाचे, लाज कुणाला?

आपल्या वऱ्हाडाचा अर्वाचीन इतिहास एका थकलेल्या कर्जापासून सुरू होतो. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर आपण ती विसरून जातो. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची एक फौज होती. नाव हैदराबादचे, अधिकारी इंग्रज आणि खर्च मात्र निजामाने द्यायचा. तो खर्च थकत गेला, त्यावर व्याज चढत गेले. अखेर २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि देणे भागवण्यासाठी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली करण्यात आला. अमरावती, अकोला, एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, त्यातले शेत अन् शेत, विहीर अन् विहीर. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे आपण अभिमानाने म्हणतो. ती कुऱ्हाड गहाण पडलेली होती, हे मात्र सांगत नाही.

पुढची गोष्ट त्याहून मजेची आहे. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. त्याची भरपाई म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला आणि इंग्रजांनी त्याच्याकडचे ५० लाखांचे येणे सोडून दिले. आजच्या भाषेत ही कर्जमाफीच झाली. धाराशिव आणि रायचूरचा मुलूख परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. एवढे सगळे होऊनही निजामाच्या अब्रूला कुठे धक्का लागला नाही. उलट १९१८ मध्ये ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ अशी पदवी मिळाली. कर्ज थकले, मुलूख गेला, पण ‘बुडव्या’ हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही.

तो शब्द ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी. ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण कविता लिहिणाऱ्याला एक सवय लागते, शब्द उलटून पाहण्याची. कर्जाच्या व्यवहारातले शब्द उलटून पाहिले, की खाली माणसांच्या पायऱ्या दिसतात.

‘सावकार’ हाच शब्द घ्या. त्याचे मूळ ‘साधू’ या शब्दात आहे. साधू, साहू, साव. मराठीत ‘साव’ म्हणजे प्रामाणिक माणूस. ‘तो चोर आणि मी साव’ असे आपण म्हणतोच. म्हणजे ज्याच्याकडे द्यायला पैसा, तो मुळातच सज्जन ठरला. घेणाऱ्यासाठी शब्द आला ‘कूळ’. माझ्या घरच्या भाषेतही हेच आहे. उर्दूत ‘शरीफ’ म्हणजे सभ्य, सरळ माणूस. पण त्याचेच अनेकवचन ‘अश्राफ’. त्याचा अर्थ उच्च घराण्यातले लोक. सय्यद, शेख, मुघल, पठाण हे अश्राफ. आम्ही पिंजारी, म्हणजे कापूस पिंजणारे. आम्ही कितीही सभ्य वागलो तरी त्या अनेकवचनात आम्हाला जागा नव्हती. इस्लाममध्ये सगळे एका रांगेत उभे राहतात हे खरे. रांग मोडून घरी आल्यावर काय होते, हेही खरे.

आणि ‘माफी’? जुन्या महसुली कागदांत माफीची जमीन म्हणजे सारा माफ असलेली जमीन. ती सरदाराला मिळे, देवळाला मिळे, दर्ग्याला मिळे. माफीदार असणे हा मान होता. सनद घरात जपून ठेवत, पाहुण्यांना दाखवत. तोच शब्द शंभर-दीडशे वर्षांनी कपाशीवाल्या कुणब्याच्या दारात आला आणि त्याला खाली मान घालावी लागली. माफी तीच, सरकारच देणार. बदलला तो फक्त घेणारा.

आता थोडे कापसाबद्दल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव कधी नव्हे इतके चढले. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात शिरली. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारात पैसा खुळखुळू लागला. ज्वारीच्या शेतात कपाशी आली. जमिनीला किंमत आली आणि म्हणून जमीन गहाण ठेवून घेण्यात सावकाराला गोडी वाटू लागली. हा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. त्याआधीही सावकार होतेच, पण जमीन विकण्याजोगी वस्तू झाली आणि नवी दिवाणी कोर्टे हुकूमनामे देऊ लागली, तेव्हा त्यांच्या हातात वेगळीच ताकद आली. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र रोखीने भरायचाच होता.

पुणे आणि नगर जिल्ह्यांत याचा स्फोट झाला. मे १८७५ मध्ये सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे गावोगाव तेच झाले. लोकांनी प्रामुख्याने एकच वस्तू शोधली, कर्जाचे रोखे. ते काढले आणि जाळले. माणसांना इजा फार थोडी झाली. कागदावर त्या काळी कुणबी सही करी ती नांगराचे चिन्ह काढून. ‘निशाणी नांगर’. ते नांगर त्या दिवशी जळाले. सरकारदरबारी त्याचे नाव पडले ‘दख्खनचे दंगे’.

चौकशीला आयोग नेमला गेला. तोपर्यंत साहेबलोकांत आणि आपल्या शिकलेल्या मंडळींतही एक समजूत पक्की होती, की शेतकरी कर्जात बुडतो तो लग्न-बारशांच्या उधळपट्टीने. आयोगाने हिशेब तपासले आणि नमूद केले, की या खर्चाला कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. १८७९ मध्ये दख्खनच्या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबले. आयोगाचा अहवाल येऊन दीडशे वर्षे होत आली. अकोल्याच्या बसस्थानकावर चहा पिताना आजही कुणी तरी सांगतोच, ‘अहो, लग्नात उडवतात, दारू पितात आणि मग रडतात.’ सांगणाऱ्याच्या मुलीचे लग्न एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयात झालेले असते. तिथे उडालेल्या पैशाला हौस म्हणतात.

हौस आणि उधळपट्टी यांतला फरक मी लहानपणीच शिकलो. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझे वडील धुनकी खांद्यावर टाकून गाद्या पिंजायला दारोदार जात. मिळकत दिवाळीच्या सुमारास बरी, पावसाळ्यात नाही म्हटले तरी चाले. गावात एक किराणा दुकान होते. गावातल्या मोठ्या वाड्याची उधारी तिथे लाल वहीत लिहिली जाई. ती वही गल्ल्याखाली राही आणि वर्षाकाठी एकदा दुकानदार स्वतः वाड्यावर जाऊन अदबीने बसे. आमच्यासारख्यांची उधारी दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूने. नाव आणि आकडा. दुकानात येणारा प्रत्येक जण ती वाचून जाई. वाड्याचा आकडा आमच्या सगळ्या गल्लीच्या आकड्याहून मोठा असणार, हे मला तेव्हाही कळत होते. आमची अम्मा त्या पाटीवर नाव असेपर्यंत मला दुकानात पाठवत नसे. ती स्वतः संध्याकाळी अंधार पडल्यावर जाई.

या जागी माझ्या समाजाबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्याच्याच ताटाकडे पाहतो असे होईल. इस्लाममध्ये व्याज हराम आहे. पण निजामाच्या राज्यात रोहिले आणि अरब शिपाई जबर व्याजाने पैसे लावत आणि वसुलीला दारात हत्यार घेऊन बसत, हा इतिहास आहे. ते कलमा पढणारेच होते. दुसरी एक रीत आमच्यात आहे. जनाजाची नमाज होण्यापूर्वी मय्यतीचा वारस लोकांसमोर सांगतो, की मयताकडे कुणाचे देणे राहिले असेल तर माझ्याकडून घ्यावे किंवा माफ करावे. फार सुंदर रीत आहे. पण मी पाहिले आहे, मोठ्या घरच्या जनाजात हे वाक्य नुसते वाक्य असते. त्या गर्दीत पुढे येऊन ‘माझे आहेत’ असे कोण म्हणणार? गरिबाच्या जनाजात मात्र मागच्या रांगेत कुणी तरी घसा खाकरतो.

कर्ज आणि लाज यांचे हे नाते ज्या माणसाने वऱ्हाडात सर्वांत आधी ओळखले, तो शाळेत गेलेला नव्हता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरात. वडील दारूपायी लवकर गेले. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबू वाढला, ढोरे राखली, शेत केले. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली ती त्याच्या डोळ्यांसमोर. वाचता येत नाही म्हणून कागदावर काय लिहिले ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून जमीन जाते, हे गणित त्याने त्या शेतात सोडवले. पुढे आयुष्यभर कीर्तनात त्यांनी तेच सांगितले. कर्ज काढून सण करू नका, नवस-सायास करू नका, देवाला बकरे कापू नका, भांडी विकावी लागली तरी चालतील पण पोराला शाळेत घाला.

मुलीच्या बारशाला परीट समाजाच्या रीतीप्रमाणे मटण आणि दारूचे जेवण द्यायला हवे होते. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले. आपण ही गोष्ट दारूबंदीची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती कर्जाची गोष्ट वाटते. जातीच्या पंगतीत अब्रू राखायची तर सावकाराच्या दारात ती घालवायची, असा तो सौदा होता आणि एका माणसाने तो नाकारला. शहरातले सुधारक खेड्यात जाऊन ‘काटकसर करा’ असे सांगत आणि लोक मनात हसत. बाबा तेच सांगत, तर हजारो लोक रात्रभर ऐकत. कारण सांगणाऱ्याच्या अंगावर चिंध्या होत्या आणि हातात खराटा. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या नावाने धर्मशाळा होत्या, शाळा होत्या. स्वतःच्या मालकीचे म्हणावे तर मडके.

आता अमरावतीच्या शिकलेल्या वर्गाकडे येऊ. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष सर शंकरन नायर. अमरावतीच्या वकील मंडळींनी, त्यांत दादासाहेब खापर्डे आघाडीवर, थाटाने यजमानपद केले. वर्ष कोणते, तर दुष्काळाचे. १८९६-९७ चा दुष्काळ नुकता होऊन गेला होता आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा यायचा होता. या मंडळींच्या देशभक्तीबद्दल मला शंका नाही, त्यांनी सोसलेही. पण वकिलाचे घर कशावर चाले? दिवाणी दाव्यांवर, आणि त्यांत कर्जवसुलीचे दावे कमी नव्हते. म्हणून साम्राज्याच्या लुटीवर जेवढे ठणकावून बोलले गेले, तेवढे गावातल्या रोख्यांवर बोलले गेले नाही. लबाडी म्हणून नव्हे. आपण ज्या ओट्यावर बसतो त्याच्याखालचा उंदीर दिसत नाही, तसे.

कायदा मोडण्याचेही तेच. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. आमच्या खारपाणपट्ट्यातले पाणीच खारट, समुद्राची गरज पडली नाही. कायदा मोडणाऱ्यांच्या गळ्यात हार पडले, आणि योग्यच होते. सुप्याच्या शेतकऱ्यांनीही कागदच जाळले होते, पण ते पुस्तकात दंगेखोर म्हणून राहिले.

या ओट्याला पहिला मोठा धक्का दिला तो पापळच्या शेतकरी घरातल्या पंजाबराव देशमुखांनी. विलायतेत शिकून, डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन ते अमरावतीला परतले. १३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून. पंजाबराव त्यात पुढे होते. उत्तर मिळाले, ते आजवर प्रत्येक वेळी मिळत आले आहे तेच: थोडा धीर धरा. धीर हा सद्गुण नेहमी पायरीवर उभ्या असलेल्यालाच का शिकवला जातो? त्याच महिन्यात पंजाबरावांनी जातीबाहेर लग्न केले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी खुल्या केल्या, शिक्षणासाठी कर बसवला. १९३० ते १९३३ ते प्रांताचे मंत्री होते.

तो काळ जागतिक मंदीचा. कापसाचा भाव पडला होता आणि जमिनी भराभर सावकारांकडे जात होत्या. १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्जलवादाचा कायदा झाला. पंजाबरावांनी त्याचा हिरिरीने पाठपुरावा केला होता. कल्पना साधी होती. धनको आणि ऋणको यांना मंडळासमोर बसवायचे, मूळ किती आणि व्याज किती फुगले ते पाहायचे, झेपेल अशी रक्कम ठरवायची आणि हप्ते बांधून द्यायचे. ‘देणे बुडवायची सवय लागेल’ हा आक्षेप तेव्हाही होता. पण यात कुणी कुणाला माफ करत नव्हते. दोन माणसे एका टेबलाशी बसत होती, हेच त्यात नवे होते. मला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांतल्या सगळ्या कर्जमाफ्यांपेक्षा हा विचार अधिक इभ्रतीचा होता.

स्वातंत्र्यानंतर सावकाराच्या जोडीला सोसायटी आणि बँक आली. ऐंशीच्या दशकात शरद जोशींनी शेतकऱ्यांना शब्दच बदलायला शिकवले. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही गुन्हा केलेला नाही, म्हणून कर्जमाफी नव्हे, कर्जमुक्ती म्हणा. शेतीमालाचे भाव धोरणाने पाडले गेले, तेव्हा देणे कुणाचे कुणाकडे निघते ते आधी ठरवा. दशकाच्या अखेरीस शेतकरी कोर्टात नादारीचे अर्ज घेऊन उभे राहिले. व्यापारी दिवाळे काढतो तेव्हा तो व्यवहार असतो, मग आम्ही का काढू नये, असा तो सवाल. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने दहा हजारांपर्यंतचे कर्ज माफ केले आणि शब्द पुन्हा जागच्या जागी गेला. माफी! आणखी एक सांगायला हवे. ‘शेतकरी’ या एका शब्दाखाली चाळीस एकरवाला आणि दोन एकरवाला दोघे आले, पण त्याच धुऱ्यावर निंदण करणारी मजूर बाई आली नाही. तिचे कर्ज कुठल्याच यादीत नव्हते. आजही नाही.

१ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. आत्महत्यांचे ते दिवस आठवले की अजून पेन जड होते. त्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अभ्यास आला. पश्चिम विदर्भातल्या १११ घटना त्यांनी तपासल्या, आणि दर दहांपैकी आठांहून अधिक घरांत कर्ज होते. सरकारने वारसांना एक लाखाची मदत ठेवली होती. त्यासाठी मरणांची दोन गटांत वाटणी होई, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. सुरुवातीच्या निकषांत जमीन मेलेल्याच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि वसुलीच्या तगाद्याचा पुरावा हवा. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल तर सून अपात्र. ठोक्याने शेत करणारा अपात्र. खासगी सावकार कागद देत नाही, म्हणून त्याचा ऋणकोही अपात्र. मरतानाही मालमत्ता असावी लागते, हे मला त्या तक्त्यांनी शिकवले.

२००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी होती दोन हेक्टरपर्यंतच्या जमिनीला. हेक्टर सगळीकडे सारखाच, अशी दिल्लीची समजूत. वऱ्हाडातला आठ एकर कोरडवाहू कपाशीवाला त्या मोजणीत ‘मोठा’ ठरला. त्याला मिळाली पंचवीस टक्के सूट, तीही उरलेले पंचाहत्तर टक्के भरले तर. आणि कॅनॉलखालच्या चार एकर उसाचा मालक ‘लहान’ म्हणून पूर्ण सुटला.

कर्ज फेडावे, हे मलाही कळते. जिल्हा बँकेतल्या ठेवी कुण्या परक्याच्या नाहीत, शिक्षकाच्या, कारकुनाच्या, विधवा बाईच्या आहेत. ज्याने पोटाला चिमटा काढून हप्ता भरला, त्याला माफीच्या दिवशी मूर्ख ठरवले जाते, आणि त्याचा राग खोटा नाही. पण मग एकच तागडी सगळ्यांना लावा. २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला. कंपनी बुडाली की धनको बँका येण्यावर पाणी सोडतात, त्याला म्हणतात ‘हेअरकट’. आमच्याकडे हेअरकट दर महिन्याला न्हाव्याकडे होतो आणि त्याचे रोख पैसे द्यावे लागतात. हजारो कोटींचे येणे बँकेच्या पुस्तकातून निघते त्याला ‘राइट ऑफ’. इंग्रजी शब्दांत लाज वाटत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

२०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखांपर्यंतच्या माफीची योजना आणली आणि तिला नाव दिले ‘सन्मान योजना’. अर्ज ऑनलाईन भरायचा होता. कापूस अजून बोंडात होता, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा निंदण-डवरणीची घाई होती. त्या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतले नवरा-बायको सेवा केंद्रांसमोर रांगेत उभे होते, आधार कार्ड हातात धरून. यंत्र अंगठा घेई. रापलेल्या, चिरा पडलेल्या अंगठ्याच्या रेघा यंत्राला सापडत नसत. केंद्रावरचा पोरगा सांगे, ‘काका, पुसून पुन्हा ठेवा.’ काका धोतराला अंगठा पुसत आणि पुन्हा ठेवत.